दुहेरी शिवण

गरोदर बाईला शिकवणं हे माझं काम. सुई टोचणं, पोट तपासणं, रक्तदाब बघणं हे तर आहेच, पण वरचे साहेब आले की पहिलं विचारतात ते हेच, शिकवलं का? शिकवलं हो. इतकी वर्षं दुसरं काय करते आहे मी? तेलंगणातल्या बेल्याकडच्या आमच्या उपकेंद्राच्या ओसरीवर शिकवते, अंगणवाडीत शिकवते, कापूस वेचायच्या दिवसांत वावराच्या बांधावर उभी राहून शिकवते. वरून येणारे तक्ते तेलुगूत असतात आणि आमच्या या सीमेवरच्या गावात बायका बोलतात मराठी, तीही आमची, पुस्तकातली नव्हे. म्हणून तक्ता भिंतीला टांगायचा, चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलायचं आपलं आपण. तक्त्यावरची बाई नेहमी हसत असते. पाय सुजलेली हसते, अंगावरून रक्त जाणारीही हसते. ते चित्र काढणाऱ्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

तर ती. दुसऱ्या खेपेची होती. वयानं कोवळी, अंगानं काटक. माझ्या वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटीच. मी त्याला वर्ग म्हणते, बाकी कुणी म्हणत नाही. बाकीच्या बायका अंगणवाडीत अंडं खायला येतात, मान डोलवतात, मांडीवरचं लेकरू झुलवतात आणि मी श्वास घ्यायला थांबले की पदर झटकून उठतात. ही मात्र बसून राहायची. गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर मळमळतं, मग जेवून घेतल्या तर लागू पडतात का, असलं नेमकं विचारायची. मला ती आवडायची. सरळच सांगते, माझी लाडकी होती ती. शिकवणाऱ्याला काय हवं असतं दुसरं? समोरचा ऐकतोय एवढं कळलं की आपण खुलतो.

पहिल्या वेळी तिला शहरात नेऊन सिझर केलं होतं. पोटात बाळाचे ठोके मंदावले म्हणून केलं, आणि बरोबर केलं. मुलगी वाचली, आता घरभर दुडदुडते. पण आमच्याकडे सिझर कुणी म्हणत नाही. कापलं म्हणतात. आणि एकदा कापलं की ती बाई कापलेली. नवं लुगडं नेसली तरी कापलेली, कमर दुखली तरी कापलेली म्हणूनच. भूल द्यायला पाठीत सुई देतात, तिचं तर विचारूच नका. गावात कुठल्याही बाईची कमर धरली की दोष त्या सुईचा. त्या वर्षी ऐन वेचणीत ती घरी बसून होती आणि डोक्यावरून गाठोडी वाहत होती तिची जाऊ. सासू तोंडानं फार वाईट नव्हती. पण रोज संध्याकाळी जावेचे पाय दाबायला हिला बसवायची. हीही दाबायची. मी एकदा ते बघितलं आणि माझं डोकं सणकलं, पण दुसऱ्याच्या घरात बोलून चालत नाही.

यावेळी पाचव्या महिन्यातच तिनं मला एका बाजूला घेतलं. म्हणाली, बाई, मले या बारीले मोकळं व्हयाचं हाय. मोकळं म्हणजे आपोआप, चिरफाड न करता. मी तिला समजावलं. पहिलं बाळंतपण होऊन फार दिवस झालेले नाहीत, गर्भाशयावरचा टाका अजून कोवळा आहे, कळांचा जोर त्याला सोसायचा नाही. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही तपासून हेच सांगितलं होतं. कळांची वाट बघू नका, तारखेच्या आठवडाभर आधी येऊन भरती व्हा. तिनं ऐकून घेतलं. मान हलवली.

नुसतं तोंडानं सांगून काय उपयोग, म्हणून मी एक दिवस तिच्या घरीच गेले. वेचणी तोंडावर आलेली. अंगणात सासू, जाऊ आणि ती, तिघी दाभण-सुतळी घेऊन फाटक्या चुंगड्या, कापूस भरायची पोती, शिवत बसलेल्या. मला वाटलं, वा, याहून चांगलं चित्र कोणता तक्ता देणार? एक शिवलेली चुंगडी उचलली आणि म्हटलं, बघा, यात कापूस भरला, वर उभं राहून पायानं दाबला, दाबत गेलं, दाबत गेलं, तर ती फाटेल कुठं? जिथं एकदा शिवली आहे तिथं. हिच्या पोटातली पिशवी तशीच आहे. मी माझ्यावर खूश होते. सासूनं माझ्याकडे बघितलं, जसं एखाद्या येडीकडे बघावं तसं.

"कोन म्हनते? कापड फाटते बाई, शिवन नाही फाटत. दुहेरी शिवन घातली तं तिथं दाभन बी शिरत नाही."

जाऊ हसली. म्हणाली, आन् डाक्टरनं का एकेरी घातली असंन? मी चिडले. म्हटलं, मावशी, ही चुंगडी आहे आणि ती बाई आहे. सासू म्हणाली, चुंगडीचं तं तुमीच काढलं बाप्पा. त्यावर मीही हसले, काय करणार. माझी माय याच शिवारात दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत म्हातारी झाली. चुंगडी शिवणीवर फाटत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. तरी मी खाली बसून पुन्हा सांगितलं, की माणसाच्या मांसाची शिवण सुतळीची नसते, ती जागा पातळ राहते, ताणली की उसवते, आणि उसवली तर आईही जाते आणि लेकरूही. सगळं सांगितलं. ती तेवढा वेळ खाली मान घालून शिवत होती. दुहेरीच घालत होती.

त्यानंतर वर्गात तिचे प्रश्न वाढले. खऱ्या कळा कोणत्या आणि खोट्या कोणत्या? दोन कळांमधलं अंतर कसं कमी होतं? पाणी गेल्यावर किती वेळ असतो? लेकरू खाली सरकलं हे बाईचं बाईला कळतं का? मी सगळ्यांना मिळून उत्तरं दिली, कारण ती उत्तरं सगळ्यांनाच हवी असतात. खरी कळ चालल्यानं थांबत नाही. ती पाठीतून पुढं येते. हळूहळू जवळजवळ येत जाते, जोर वाढतो, आणि खूप जवळ आल्या की मग उशीर करायचा नाही, गाडी बोलवायची. तिनं विचारलं, मंग उशीर झालाच तं? मी म्हटलं, मग रस्त्यातच होईल. बायका हसल्या. तीही हसली. मी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, तुझ्यासाठी नाही हे. तुला कळा यायच्या आधी जायचं आहे, कळलं का? कळलं म्हणाली.

इथं एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. आमच्याकडच्या बायकांनी एक युक्ती काढलेली आहे. लवकर दवाखान्यात गेलं की कापतात, असं त्यांचं पक्कं मत आहे. खोटं आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, काही ठिकाणी घाई होते. म्हणून बाया घरीच कळा काढतात. ओठ दाबून काम करत राहतात, आणि अगदी डोकं दिसायला आलं की मग गाडीत बसतात. आता कापायला वेळच उरलेला नसतो, डॉक्टरला हात पुढं करून लेकरू घ्यावंच लागतं. मोकळी झालेली बाई परत आली की ओट्यावर बसून हे रंगवून सांगते आणि ऐकणाऱ्या शिकतात. माझ्यापेक्षा तिच्याकडून जास्त शिकतात.

भरती व्हायचा दिवस आला आणि गेला. मी घरी गेले. कापूस फुटून पांढरा झाला होता, वेचायला मजूर मिळत नव्हते, आणि नवरा कापसाची गाडी घेऊन गेला होता. सासू म्हणाली, पोट तं अजून खाली बी नाही उतरलं, चार दिसानं जाऊ. मी वाद घातला. दोन दिवसांनी पुन्हा गेले आणि पुन्हा घातला. नवऱ्याला फोन लावून झापला. तो बिचारा म्हणाला, हो हो सिस्टर, सोमवारी मी स्वतः घेऊन जातो, गाडी सांगून ठेवली आहे. तो खोटं बोलत नव्हता. आणि तिनं माझा हात हातात घेऊन सांगितलं, "बाई, तुमी कायजी नका करू. सोमवारी पक्कं जातो." तिच्या हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. म्हणजे ती वेचायला जात होती. त्यावरूनही मी बोलले. ती म्हणाली, नुसतं बसून राह्यलं तं लेकरू अंगाबाहेर मोठं व्हते ना, तुमीच सांगता चालावं म्हनून. हे मीच सांगते हे खरं होतं.

तो सोमवार उजाडायच्या आधीचीच ती सकाळ. अंगणवाडीत लसीकरण चालू होतं, एका रडक्या पोराची मांडी धरून मी सुई देत होते, आणि तिच्या सासरच्या वावरात कामाला जाणारी एक बाई धापा टाकत दारात आली. तिला नीट बोलता येईना. लवकर चला, ती पडली आहे, एवढंच म्हणाली. मी पोराला सुई दिली, पेटी सोबतच्या आशा सेविकेच्या हवाली केली, गाडी बोलवायला तिलाच फोन करायला लावला आणि त्या बाईच्या मागं वावरात पळाले.

पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या ओळीत, मोकळ्या जागेत, ती कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. कमरेची झोळी तशीच बांधलेली, अर्धी भरलेली. चेहऱ्यावर घाम, ओठ पांढरे. पण डोळे उघडे होते आणि मला बघून ती चक्क हसली.

"बाई, कळा थांबल्या," ती म्हणाली.

मी झोळी सोडली आणि पोटावर हात ठेवला. इतक्या बायकांच्या पोटावर हात ठेवले आहेत मी की डोळे मिटूनही कळतं, डोकं कुठं, पाठ कुठं. या पोटाचा आकारच गेला होता. हाताखाली बाळाचा पाय लागला, वर, अगदी कातडीखाली, मध्ये काहीच नसल्यासारखा. हे मी फक्त प्रशिक्षणात ऐकलं होतं. बाळाचे ठोके शोधले. नव्हते. तिची नाडी धावत होती. सासू बाजूला उभी राहून विचारत होती, थांबल्या म्हंजे बरं झालं ना बाई? माझ्या तोंडून शिवी निघाली. त्या म्हातारीला नाही, कुणाला ते मला माहीत नाही.

बैलगाडीच्या हिसक्यांनी नेणं शक्य नव्हतं. ज्या चादरीवर कापूस ओततात त्या चादरीवर तिला निजवलं आणि मजुरांनी चारी बाजूंनी धरून सडकेपर्यंत आणलं. गाडी आली. मी आत बसले, सलाईन लावलं, तिचा हात धरला. सासू पायाशी बसली. आदिलाबादचा रस्ता एरवी इतका लांब वाटत नाही. अर्ध्या वाटेवर तिनं माझा पदर ओढला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, मला वाकून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"आता तं लय उशीर झाला ना बाई? आता नाही ना कापत?"

तेव्हा मला सगळं कळलं. तिचे सगळे प्रश्न एका रांगेत माझ्यापुढं उभे राहिले. ती सकाळी घरातून निघाली तेव्हाच कळा सुरू होत्या. तिनं कुणाला सांगितलं नाही. अंतर मोजत होती, मी शिकवलं तसं. खूप जवळ येईपर्यंत वेचत राहायचं आणि मग आरोळी ठोकायची, असं तिचं ठरलेलं होतं. मला तिचा इतका राग आला की रडू फुटलं. तिचाच का, सगळ्यांचा आला. जावेचे पाय आठवले, ओट्यावर रंगवून सांगणाऱ्या बायका आठवल्या. मी तिला म्हटलं, बोलू नको.

दवाखान्यात त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही. थेट आत नेलं. आम्ही बाहेर फरशीवर बसलो, मी आणि सासू. तिच्या केसांत कापूस अडकलेला होता आणि तो काढायचं तिला भान नव्हतं. नवरा धावत आला तसं त्याला सही करायला आत बोलावलं. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाई वाचली आहे. बाळ दवाखान्यात पोचण्याआधीच गेलं होतं, मुलगा होता. पिशवी टाक्यावर पूर्ण फाटली होती, शिवता येण्यासारखी राहिली नव्हती, ती काढून टाकावी लागली. हे सांगून त्या माझ्याकडे वळल्या. दमलेल्या होत्या, हातावर मोजे घातल्याच्या खुणा होत्या, आणि तेलुगूत त्यांनी मला विचारलं की तुम्ही खेड्यातल्या सिस्टर करता तरी काय, यांना काही शिकवत नाही का. मी म्हटलं, शिकवलं होतं, मॅडम. त्यांना वाटलं मी उलट उत्तर देते आहे. तशीही त्यांची काही चूक नव्हती, त्यांनी तिचा जीव वाचवला होता.

मी माझ्या मनाशी हे पुष्कळ घोळवलं आहे, आणि दर वेळी तिथंच येते. मी तिला चुकीचं काही सांगितलं नाही. आज पुन्हा सांगायला बसले तर तेच सांगेन. कळा ओळखायच्या कशा हे बायांना शिकवायचं नाही, तर मग काय शिकवायचं? पण त्या महिन्यात मी वर्ग घेतला नाही. तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला. साहेबांना सांगितलं, वेचणीमुळं बायका येत नाहीत. तेही खरंच होतं.

ती घरी आल्यावर मी टाके बघायला गेले. खाटेवर पडली होती, पायाशी तिची मुलगी बोंडांच्या सालपटांशी खेळत होती. सासूनं चहा केला. पूर्वी ती मला बाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपात द्यायची, त्या दिवशी घरातल्या कपात दिला. पण नंतर ती दाराच्या चौकटीत उभी राहिली, हलेना. मी पट्टी सोडली, टाके बरे होते. ताप नव्हता. तिनं मला त्या दिवशीचं सगळं सांगितलं, न विचारता, जसं एखादी पोर परीक्षेत काय लिहिलं ते सांगते. वेळ बघायला फोन लागतो आणि तो नवऱ्याकडं असतो, म्हणून ती पऱ्हाटीच्या ओळी धरून मोजत होती. आधी दोन ओळी वेचून व्हायच्या तेव्हा एक कळ यायची, मग एका ओळीत एक, मग एका ओळीत दोन. तुमी सांगितलं अगदी तसंच झालं बाई, म्हणाली. आणि मग एक मोठी कळ आली, आत काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं, आणि सगळं एकदम शांत झालं. तिला बरं वाटलं. तिला वाटलं, थोडा आराम मिळाला.

मी पट्टी बांधत होते. ती म्हणाली,

"माहीच चुकी झाली. पुढच्या बारीले तुमी म्हनान त्या दिवशी जाईन. पहिल्याच दिवशी जाऊन बसतो. कापू द्या कापाचं तं."

मी मान वर केली. चौकटीतून सासू हातानं खूण करत होती, नको, नको. म्हणजे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्यानं सही केली, कागद पेटीत ठेवले, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की हिला आत्ताच नको. केव्हा सांगणार होते? पुढच्या वर्षी? तिनं देवीला नारळ बोलून ठेवल्यावर? माझा संताप झाला, पण सासूच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिच्यावर ओरडण्यात काही अर्थ नव्हता. मी तिला म्हटलं, मावशी, पोरीला घेऊन जरा बाहेर जा. ती मुलीला उचलून गेली.

मी खाटेवर बसले. तिला सांगितलं की टाका उसवला तेव्हा पिशवी पार फाटली होती, ती ठेवली असती तर तू वाचली नसतीस, म्हणून काढावी लागली. आता पाळी येणार नाही. आता दिवस राहणार नाहीत. प्रत्येक गोष्ट साध्या शब्दांत सांगितली आणि विचारलं, कळलं का? तिनं मान हलवली नाही. यावेळी एकही प्रश्न विचारला नाही. छताकडं बघत राहिली. बाहेर अंगणात सासू पोरीला काहीतरी दाखवत होती, पोर खिदळत होती.

"म्हंजे आता मले कोनी कापनार नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही.